एक्केचाळीस नंबरचे तक्ते

कबुलीपत्र घेऊन सुईवाला आला तेव्हा आम्ही तिघेही अंगणात होतो. बाबा जाऊन पाच आठवडे झाले होते. आई दोरांची गुंतवळ सोडवत होती, दादा विळ्याला धार लावत होता आणि मी नुसतीच बसले होते. घरात शिकलेल्या माणसाला दुःखाच्या दिवसांत कुणी काम सांगत नाही. तो मान ठेवण्याचा एक प्रकार असतो आणि बाहेर ठेवण्याचाही.

सुईवाला म्हणजे तक्त्यांच्या कारखान्याचा तपासनीस. आमच्या भागातला पेंढा पूर्वी जनावरांपुढे जायचा आणि उरलेला शेतातच जळायचा. कारखाना आला आणि त्याच पेंढ्याचे तक्ते होऊ लागले. तक्त्यांची छतं झाली, कपाटं झाली, बाकं झाली. सुईवाल्याकडे एक मीटर होतं. त्याला लावलेली वीतभर लांब सुई तो गठ्ठ्यात खुपसायचा आणि काचेवर उमटलेला आकडा मोठ्याने वाचायचा. पंधराच्या आत आला तर पेंढा कोरडा. खरं नाव त्याला असणारच, पण ते विचारायची वेळ कुणावर आली नव्हती.

दादाने त्याला बसायला स्टूल दिलं. ते स्टूलही कारखान्याचंच. पहिल्या वर्षी ज्या ज्या घरांनी पेंढा दिला त्यांना त्यांच्याच पेंढ्याच्या तक्त्यांचं एकेक स्टूल भेट मिळालं होतं. प्रत्येक तक्त्यावर घराचा नंबर छापलेला असे. आमचा एक्केचाळीस. बाबा आल्या-गेल्याला स्टूल उलटं करून तो शिक्का दाखवायचे. आपला पेंढा आपल्यालाच बसायला आला, म्हणायचे, आणि स्वतः मात्र जमिनीवरच बसायचे.

सुईवाल्याने कागद गुडघ्यावर पसरला. त्यात लिहिलं होतं की आमच्या घराने मागच्या वर्षी पेंढ्याला पाणी मारून वजन वाढवलं, ही गोष्ट आम्ही मान्य करतो. खाली तीन सह्यांची जागा. सह्या झाल्या की यादीतून काढलेला आमचा नंबर पुन्हा यादीवर येणार होता. बाबांनी शेवटची रचलेली गंजी परसात उभी होती, ती कारखान्यात जाणार होती. मुदत शनिवारपर्यंत.

"आता माणूसच गेला," सुईवाला म्हणाला. "त्यांना काय फरक पडतो? मागे राहिलेल्यांचं भलं व्हावं, इतकंच."

दादाने हात पुसून पेन मागितलं. मी म्हटलं, आधी मला वाचू दे. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला की त्यात वाचण्यासारखं काही नाही, कादंबरी नाही ती.

मी वाचलं, घडी घातली आणि कागद स्वतःजवळ ठेवला. शनिवारी आणून देईन, म्हटलं. सुईवाला उठला तेव्हा त्याच्या पँटला मागून ओला डाग पडला होता. आमची शेळी इतका वेळ स्टुलाच्या कडेशी जीभ लावून उभी होती आणि मध्ये त्याची पँट आली होती. आईने तिला हाकललं. मेलीला ह्या स्टुलाचं काय वेड लागलंय कळत नाही, म्हणाली. कुणी हसलं नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट अशी. तेव्हा मीटर नव्हतं. बाबांचा पेंढा हातात घेऊन, बघून, पास झाला होता. त्याचे तक्ते दवाखान्याच्या छताला लागले. हवा दमट झाली तशी ते तक्ते फुगले, खाली झुकले, आणि एका बाळंतिणीच्या खाटेवर एक तक्ता सुटून पडला. बाई नशिबाने तेव्हा उठून बाहेर गेली होती. पाठीमागचा शिक्का बघितला तर एक्केचाळीस. मग कारखान्याने मीटर आणलं आणि आवारात उरलेल्या आमच्या गठ्ठ्यांत सुई खुपसली. आकडा आला बावीस. शेजारच्या नंबरांचा बारा, तेरा.

बाबांना फाटकावर बोलावलं गेलं. गठ्ठे घेऊन आलेले पंधरा-वीस जण रांगेत उभे होते. त्यांच्यादेखत सुईवाल्याने पुन्हा सुई खुपसली, आकडा वाचला आणि पाणी कधी मारलं असं विचारलं. बाबांनी गठ्ठ्यातून चार काड्या उपसल्या. पेंढा तपासायची त्यांची रीत होती. काड्या कानाजवळ धरून पीळ द्यायचा. ओला पेंढा मुका असतो, कोरडा बोलतो. त्यांनी त्या काड्या सुईवाल्याच्या कानाशी नेल्या. सुईवाल्याने मान मागे घेतली, झुरळ उडत अंगावर यावं तशी. रांगेत कुणीतरी हसलं. हे मला बाबांनी नाही सांगितलं, दादाने सांगितलं. तो रांगेत त्यांच्या मागेच उभा होता.

त्यानंतर बाबा फाटकावर गेले नाहीत. ह्या वर्षीची गंजी त्यांनी एकट्याने रचली, कुणाला हात लावू दिला नाही. रचून झाल्यावर पंधरा दिवसांनी झोपेतच गेले. डॉक्टरांनी हृदय लिहिलं.

मी शहरात एका ग्रंथालयात काम करते. निधनाची रजा संपल्यावर मी आणखी रजा मागून घेतली, आईला सोबत म्हणून. खरं कारण वेगळं होतं. मला बघायचं होतं की पाणी कुणी मारलं. बाबांनी नाही हे मला माहीत होतं. मग उरतं कोण? मागच्या वर्षी गठ्ठे बांधले दादाने. ट्रॉलीत चढवले दादाने. वजनाच्या वेळी उभा राहिला दादा. आणि आता सही करायची घाई कुणाला, तर त्यालाच. कारखान्यात दाबाच्या खात्यात त्याला काम देऊ, असं सुईवाला त्याला म्हणाला होता. पण आधी घरावरचा डाग मिटवून टाका, असंही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गंजी उतरवायला घेतली. सही होवो न होवो, गठ्ठे तयार हवेत, असं दादाचं म्हणणं. तो वरून थर सोडवून खाली टाकायचा, मी तो लाकडी पेटीत भरायची, आई पेटीत उभी राहून पायांनी दाबायची. पेटी भरली की आडव्या फळीवर दोघांनी भार द्यायचा, दोर ओढायचा, गाठ मारायची. दुपारपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले. पेंढ्याची धूळ नाकातोंडात गेली. ओठ चरचरत होते, पण मला वाटलं ते उन्हाने. आई पासष्टची, पण तिचे पाय घड्याळासारखे चालत होते. दादाने मला एकदाही बस म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्याची आभारी होते आणि त्याच वेळी त्याच्या हातांवर नजर ठेवून होते.

"काय बघतेस?" त्याने वरून विचारलं.

"काही नाही."

"मग पेटी भर, धाकटे. नजरेने गठ्ठे बांधले जात नाहीत."

तिसऱ्या दिवशी पहाटे मला विहिरीवर पंप सुरू झाल्याचा आवाज आला. मी अनवाणीच मागच्या दाराने निघाले. दादा गंजीच्या आडोशाला उकिडवा बसला होता, हातात पाइप. पाणी वाहत होतं. मी कितीतरी वेळ गोठ्याच्या भिंतीला चिकटून उभी होते. एखादा चोर पकडावा तसा, लाज वाटावी इतका आनंद झाला होता, की अखेर कळलं.

पाइप एका घमेल्यात सोडलेला होता. घमेल्यात दोर होते. काथ्याचा कोरडा दोर ओढताना तुटतो, म्हणून तो आदल्या पहाटे भिजवून ठेवायचा, वाळत आला की बांधायचा. हे मला लहानपणी माहीत होतं. मी विसरले होते.

दादाने मान वळवली. माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं. त्याला सगळं समजलं.

"दोर भिजवतोय," तो म्हणाला. मग म्हणाला, "आईला पण बोलाव. तिला पण बघू दे."

त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आई दोघांना वेगवेगळं जेवायला वाढत राहिली.

शुक्रवारी मी नव्या गठ्ठ्यातला एक सायकलला बांधून कारखान्यात गेले. दादावरचा संशय हलला होता, गेला नव्हता, आणि त्यातला बराचसा आता सुईवाल्याच्या वाट्याला आला होता. मीटर त्याच्या हातात. आकडा तोच वाचणार. मी त्याला माझ्यासमोर सुई खुपसायला लावली. सव्वीस. मागच्या वर्षीपेक्षाही जास्त. मी म्हटलं, हा पेंढा पाच दिवस उन्हात आहे, हात लावून बघा. तो म्हणाला, ताई, हात खोटं बोलतात म्हणून तर मशीन आणलं. मी शेजारच्या ट्रॉलीतला दुसऱ्या कुणाचा गठ्ठा दाखवला आणि त्यात खुपसा म्हटलं. अकरा. मीटर मी माझ्या हातात घेतलं आणि स्वतः सुई खुपसली. पुन्हा अकरा, आणि आमच्यात पुन्हा सव्वीस. तो हात बांधून बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. तो फक्त कंटाळला होता, आणि तेच जास्त लागलं.

परत निघताना दाबाच्या खात्याच्या दारात एक बाई जेवणाचा डबा धूत होती. वयाने आईपेक्षा थोडी लहान, दंड गड्यासारखे. तापलेल्या दोन पत्र्यांमध्ये पेंढा दाबून तक्ता काढायचं काम तिचं. सगळे तिला दाबवाली म्हणत. एक्केचाळीसची का तू, तिने विचारलं. मी मान हलवली. तिने मला शेडच्या मागे नेलं. तिथे दवाखान्यातून उतरवलेले आमचे तक्ते भिंतीला टेकवून ठेवले होते. कडा फुगलेल्या, आणि दुपार असूनही अंगावर बारीक ओल.

"मला एक सांग," ती म्हणाली. "माझा पत्रा कसला तापतो ठाऊक आहे? पाणी मारलेला पेंढा आला तर वाफ होऊन जातं पाणी. तक्ता फुटतो, पण जागच्या जागी फुटतो. हे तक्ते खडखडीत निघाले होते. आणि नंतर घाम फुटला. वाळवले तर वाळतात, हवा बदलली की परत घाम. पाणी असं करत नाही."

मग काय करतं असं, मी विचारलं. ते मला कसं कळणार, ती म्हणाली, मी दाबते फक्त. हे सुईवाल्याला सांगितलंस का, विचारलं तर तिने डबा झटकला. त्याने विचारलं नव्हतं.

घरी आले तर अंगणात आईचा आरडाओरडा चालला होता. शेळीने दावं तोडलं होतं. परसात ताज्या पेंढ्याचा ढीग होता, पलीकडे हिरवं गवत होतं, आणि ती ह्या दोन्हींना सोडून ओसरीवर चढून स्टुलाचा पाय चाटत होती. तिच्या जिभेने तो पाय एका बाजूने झिजून गुळगुळीत झाला होता. पलीकडे गायही मान ताणून गठ्ठ्यांच्या दिशेने जीभ काढत होती.

मी सायकल तशीच टाकली. गठ्ठ्यातून एक काडी काढली आणि तोंडात घातली.

मीठ.

आई स्टूल पुसत होती. मी तिला विचारलं, बाबा पेंढ्याला मीठ लावायचे का. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी विचारलं होतं की बाबा चपला घालायचे का.

"लावायचेच की. दर थराला मूठमूठ. तुझे आजोबा पण लावायचे. पेंढ्याला बुरशी धरत नाही, जनावर आवडीने खातं."

"आणि मागच्या वर्षी? कारखान्याच्या पेंढ्याला?"

"त्याला तर दुप्पट. घराबाहेर जाणारा माल, म्हणाले, वाटेत खराब व्हायला नको."

"आणि ही गंजी?"

आईचा हात थांबला. ह्या गंजीसाठी बाबांनी दोन पोती मीठ आणलं होतं. लोक पेंढा ओला म्हणतायत, म्हणजे कुठूनतरी ओल धरत असणार, म्हणाले. पाण्यात मीठ कालवून थराथरावर शिंपडलं, मग थर वाळवला, मग वर पुढचा. म्हणूनच एकट्याला महिना लागला.

"तू हे कुणाला बोलली नाहीस?"

"सगळ्यांनी पाणी मारलं का विचारलं," आई म्हणाली. "मी नाही म्हटलं. मिठाचं कुणी विचारलं?"

मी ग्रंथालयात जाऊन वाचायची गरज नव्हती. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत काय होतं हे कुठल्याही स्वयंपाकघरात दिसतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं. आणि खाऱ्या वस्तूतून वीज सहज वाहते, शाळेत शिकलेलं. सुई वीज सोडूनच ओल मोजते; तिला काय समजणार, तिने ओल म्हणून सांगितलं.

दादाला संध्याकाळी सांगितलं. त्याने काडी चघळून बघितली. मग म्हणाला की हे कारखान्यात बोलायचं नाही.

"का?"

"पाणी म्हटलं तर सही करून मोकळे होऊ. ऊन द्या म्हणतील, परत सुई लावतील, कसंतरी जाईल. मीठ म्हटलं की ही सगळी गंजी बाद. उन्हाने मीठ उडत नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता. "आणि लबाड म्हटलेलं लोक चार दिवसांत विसरतात. स्वतःही लबाडच असतात सगळे. अडाणी म्हटलं ना, की जन्मभर हसतात. आधीच हसलेत."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की रांगेतलं ते हसू तो वर्षभर घेऊन फिरत होता. त्याला बाबा लबाड ठरलेले चालणार होते, कारण दुसरं काही ठरलेलं त्याला बघवलं नसतं. आणि मी त्याच्यामागे विहिरीपर्यंत गेले होते.

आईने विचारलं, ह्या गंजीचे तक्ते कुठे लागणार आहेत. दादाला माहीत होतं. पाळणाघराचं छत.

आईने उठून चुलीवरचं भांडं उतरवलं. पाठमोरीच बोलली.

"अडाणी म्हणू देत. आपल्याला ठाऊकच आहे ते. लबाड नव्हते. आणि कुणाच्या लेकरावर नको पडायला."

शनिवारी आम्ही तिघं फाटकावर गेलो. रांग होतीच. मी गठ्ठा सुईवाल्यासमोर ठेवला आणि म्हटलं, आकडा सव्वीस येईल, तो राहू दे, काडी तोंडात घालून बघा. त्याने आधी हसण्यावारी नेलं. मग म्हणाला, ही तपासायची पद्धत नाही. दाबवाली शेडमधून हात पुसत आली, तिने काडी घेतली, चावली, थुंकली. खारट आहे की रे, म्हणाली. त्याला. सगळ्यांदेखत.

मी एक काडी पुढे धरली होती. माझा हात त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. ह्या वेळी त्याने मान मागे घेतली नाही. काडी घेतली, दातांत धरली. नंतर दुसऱ्या एका गठ्ठ्यातली घेतली आणि चव बघून टाकून दिली. मीटरकडे बघितलं. मीटर त्याने खाली ठेवलं नाही, पण सुईवर टोपण चढवलं.

कागद छापील आहे, म्हणाला. त्यात पाणी आणि माती, दोनच कारणं आहेत.

मी 'पाणी मारून वजन वाढवलं' हे खोडलं आणि वर हाताने लिहिलं: मीठ. जनावरांच्या पेंढ्याला लावतात तसं, खराब होऊ नये म्हणून लावलं. तक्ते त्यानेच बिघडले. मग सही केली. आईने केली. दादाने माझं वाक्य दोनदा वाचलं आणि शेवटी केली. गंजी घरीच ठेवा, सुईवाला म्हणाला. बाबांबद्दल एक शब्द बोलला नाही. रांगेत कुणीतरी हसलंही, दादाने सांगितलं होतं तसं.

पण रांग हसली त्याच्यापेक्षा जास्त गप्प होती. ते मला पुढच्या आठवड्यात समजलं. आमच्यामागे उभ्या असलेल्यांत अकरा घरांचे गठ्ठे खारे निघाले. त्यांची मुठीतली चिमूट बाबांसारखी सढळ नव्हती, म्हणून आकडे पंधराच्या खाली राहिले होते. बाबांना पाणी कधी मारलं असं विचारलं गेलं तेव्हा ह्यातले निम्मे तिथे हजर होते. त्यांना मीठ आठवलं नव्हतं, की आठवलं होतं आणि बोलले नाहीत, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. रस्त्यात भेटले की मी नमस्कार करते आणि त्यांच्या तोंडाकडे नीट बघते.

दादाला काम मिळालं, दाबावर नाही, फाटकावर. सुई लावायच्या आधी प्रत्येक गठ्ठ्यातली एक काडी जिभेवर ठेवायची. लोक त्याला चाट्या म्हणतात. पहिल्या दिवशी त्याने कुणालातरी मारायला हात उचलला होता. आता हाक मारली की ओ देतो.

गंजी आता गायीला आणि शेळीला वर्षभर पुरणार होती. मी निघायच्या आदल्या दिवशी कारखान्याची गाडी आली. एक्केचाळीस नंबरच्या तक्त्यांची जिथे जिथे स्टुलं आहेत ती बदलून नवी द्यायची होती. माणसाने नवं स्टूल ओसरीवर ठेवलं, जुनं उचललं. आईने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"हे मोडणार आहे, आजी," तो म्हणाला.

"मोडेल तेव्हा मोडेल."

नवं त्याने परत नेलं. आईने शेळीला लांबच्या खुंटीला बांधलं आणि ओल्या झालेल्या कडा फडक्याने पुसल्या. तिचं ते रोज सकाळचं काम झालं होतं. दादा आला, त्याने शेळीच्या जिभेने झिजलेल्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि वरून हाताने दाबून बघितलं. स्टूल हललं नाही. मग तो माझ्याकडे वळला आणि मानेनेच म्हणाला, बस.